अकरा पेपरांत एकच गजराबाई

१५ नोव्हेंबर २०२५, शनिवार. लोहारा

आमच्या सरकारी दौरा दैनंदिनीत चार रकाने असतात. तारीख, ठिकाण, भेटीचं प्रयोजन आणि शेरा. संशयाला रकाना नाही. म्हणून आजपासून ही वेगळी वही. खताच्या दुकानदारानं फुकट दिलेली गेल्या वर्षीची डायरी आहे, वार जुळत नाहीत, ते खोडून लिहितो.

मी रामहरी सुरवसे, केंद्रप्रमुख. माझ्या हाताखाली नऊ शाळा. नोकरीची एकतीस वर्षं झाली, दोन उरली. माझी ख्याती कशाबद्दल विचाराल तर कॉपी पकडण्याबद्दल. कागदाचा नुसता वास घेऊन हा माणूस कॉपी ओळखतो, असं शिक्षक माझ्या पाठीमागं म्हणतात. समोर म्हणत नाहीत, पण मला कळतं.

आज इंग्रजीच्या केंद्रस्तरीय चाचणीचे पेपर तपासायला घेतले. पेपर मीच काढलेला. पाचवा प्रश्न सोपा होता, ‘वेट’ हा शब्द वाक्यात वापरा. वेट म्हणजे वाट पाहणे, हे तिसरीच्या पोरालाही ठाऊक असतं. आठ शाळांच्या पोरांनी ‘आय वेट फॉर द बस’ असं लिहिलं. बरोबर. मी पुढं पुढं नुसते गुण देत गेलो, वाक्य वाचायचीही गरज पडली नाही.

मग माळवस्तीचा गठ्ठा आला. माकणीपासून धरणाच्या कडेनं आत गेलं की ही वस्ती लागते. शाळेला एकच शिक्षिका, निखत शेख. पट सोळा. तिसरी ते पाचवीचे अकरा पेपर होते. पहिल्या पेपरात लिहिलं होतं, ‘वी वेट फॉर गजराबाई.’ आम्ही गजराबाईची वाट पाहतो. म्हटलं असेल कुणीतरी. दुसऱ्या पेपरात तेच. तिसऱ्यात तेच. अकराच्या अकरा पेपरांत गजराबाई.

गाईडमध्ये राम असतो, सीता असते, फार तर टॉम असतो. गजराबाई कुठल्याच गाईडात नाही. म्हणजे हे वाक्य कुणीतरी फळ्यावर लिहून दिलं. त्या दिवशी वर्गात मॅडमशिवाय मोठं माणूस नव्हतं. दोन आणि दोन चार.

१६ नोव्हेंबर, रविवार

साहेबांना सकाळीच फोन केला. साहेब म्हणजे गटशिक्षणाधिकारी. रविवारी फोन केल्यामुळं आधी जरा तुटक बोलले, पण कॉपी म्हटल्यावर खुलले. दहा दिवसांत लेखी अहवाल द्या म्हणाले.

अहवाल गेला तर काय होईल ते इथं स्पष्ट लिहितो. अकरा पोरांना शून्य. निखत मॅडमना नोटीस. आणि माळवस्तीची शाळा कमी पटामुळं माकणीच्या शाळेत मिसळायच्या यादीत आहेच, तिला कारण मिळेल. मग सोळा पोरं रोज माकणीला चालत जातील. सप्टेंबरच्या पुरात मधला पूल खचलाय, तो अजून तसाच आहे.

वाईट वाटतं. नाही वाटत असं नाही. पण पुलाचं खातं वेगळं, माझं वेगळं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

मथुराबाईला सगळं सांगितलं. माझी बायको. माहेरचं नाव मथुरा, पण सगळं लोहारा मथुराबाई म्हणतं म्हणून मीही म्हणतो. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग त्या बसवाल्या पोरांचं काय?”

मी म्हटलं, त्यांचं काय? त्यांचं वाक्य बरोबर आहे.

“सगळ्यांचं एकच ना? आन त्यातल्या निम्म्या गावांत बस जाती तरी का?”

बायकांना परीक्षेतलं काही कळत नाही. गाईडमधलं पाठ केलेलं वाक्य आणि कॉपी यांत फरक असतो. तिला तो समजावून सांगणार होतो, तर ती तांदळाची पिशवी घेऊन शेजारी सरदारबीच्या ओसरीवर निघून गेली. रोज जाते. आपल्या घरात उजेड नाही म्हणे निवडायला. पिशवी भरून तांदूळ जातो, पिशवी भरून येतो. जातो तेवढाच येतो का, हे कोण बघतं?

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज न सांगता माळवस्तीला गेलो. मोटारसायकल वळणावर असतानाच दिसलं ते लिहितो. शाळेच्या कंपाउंडच्या भिंतीवर सात-आठ पोरं ओळीनं बसलेली. सगळ्यांची तोंडं रस्त्याकडं. मला बघितल्याबरोबर एकेक उतरून आत गेलं.

टेहळणी! साहेब आला की आत वर्दी द्यायला पोरं बसवून ठेवलीत. एकतीस वर्षांत खूप पाहिलं, पण भिंतीवर अशी पहाऱ्याची रांग पहिल्यांदाच.

आत गेलो तर वर्ग मोकळा आणि मॅडम मागच्या पत्र्याच्या खोलीत, पदर खोचून खिचडी हलवतायत. एका हातात पळी, दुसऱ्या हातात इंग्रजीचं पुस्तक, आणि दारात बसलेली पोरं मागून म्हणतायत. ही काय शिकवायची पद्धत झाली? मी स्वयंपाकी कुठाय म्हणून विचारलं. नवीन कुणी तयार होत नाही, सर, म्हणाल्या.

“आणि जुनी?”

त्यांनी पळी थांबवली. माझ्याकडं बघितलं.

“तुम्हाला ठाऊकच आहे, सर.”

एवढंच. पुन्हा पळी हलवायला लागल्या. या वाक्यावर मी येताना सगळ्या वाटेनं विचार केला. मला काय ठाऊक आहे? हा धमकीचा सूर आहे. माझं काहीतरी त्यांच्याकडं आहे असं त्यांना सुचवायचंय. माझं काही नाही. मी कुणाच्या चहाचाही मिंधा नाही.

नियमाप्रमाणं खिचडीची चव घेतली. दुसऱ्याच घासाला कचकन खडा लागला. दाढेतून कळ मस्तकात गेली. पोरं मात्र सवयीनं जिभेनं खडा बाजूला करून, बोटानं काढून भिंतीशी टाकत होती. भिंतीशी बारीक खड्यांचा ढीग झालाय. अन्नाबाबत निष्काळजीपणा, हा मुद्दाही अहवालात घालणार.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज फेरचाचणी घेतली. कुणाला पत्ता लागू दिला नाही. अकरा पोरं अंगणात अशी बसवली की एकाची नजर दुसऱ्याच्या पाटीवर जाणार नाही. मॅडमना वर्गात बसवून दार ओढून घेतलं. त्यांना ते आवडलं नाही. न आवडू दे.

पुन्हा तोच शब्द दिला. पुन्हा अकराच्या अकरा गजराबाई. कुणी भर घालून लिहिलं, वी वेट एव्हरी डे. एकानं लिहिलं, वी वेट ऑन वॉल. किती पक्कं पढवलंय बघा.

मग मी माझ्या मनचा शब्द काढला, जो कुणाला आधी कळायची सोयच नव्हती. ‘क्लीन.’ स्वच्छ करणे. मला वाटलं आता पितळ उघडं पडेल. पाच पोरांनी पाटी स्वच्छ करतो, दात स्वच्छ करतो, असं काहीबाही लिहिलं. पण सहा जणांनी पुन्हा तिलाच आणलं. पाचवीतली युसरा म्हणून एक मुलगी आहे, चुणचुणीत, तिनं लिहिलं, ‘गजराबाई क्लीन राइस हर होम.’ एकीनं लिहिलं, ‘गजराबाई क्लीन राइस इन सन.’ दोन्हींत क्रियापदाचं रूप चुकलंय. अर्धा गुण दिला.

आता मला चित्र दिसायला लागलंय. ही गजराबाई वस्तीत चोरून शिकवणी घेत असणार. घरीच, तांदूळ निवडता निवडता. पोरांच्या तोंडी तिचंच नाव बसलंय त्याअर्थी तिचा वट आहे. मॅडमचं आणि तिचं काहीतरी संगनमत आहे.

निघताना शाळा समितीचे अध्यक्ष माणिकप्पा भेटले. बैल घेऊन चालले होते. त्यांना विचारलं, ही गजराबाई शिकवणी किती मुलांची घेते?

माणिकप्पा एवढे हसले की तोंडातली तंबाखू सांडली.

“शिकवणी? आवो साहेब, ती अंगठा लावती.” मग हसू पुसून माझ्याकडं बारीक डोळ्यांनी बघत म्हणाले, “आन हे तुमी इचारताव व्हय?”

तेही तसंच बोलले. मॅडमसारखं. सगळी वस्ती एक झालेली दिसते.

२३ नोव्हेंबर, रविवार

दाढ ठणकतेय. एका बाजूनं जेवतो.

अहवालाचा मसुदा झाला. चार पानं. भाषा चांगली उतरली आहे, ‘सामूहिक गैरप्रकाराची पूर्वनियोजित साखळी’ हा शब्दप्रयोग मलाच आवडला. एकच भोक आहे, या गजराबाईचा शाळेशी संबंध काय ते सापडत नाही. शाळेच्या पटावर तिचं नातवंड नाही. समितीत नाव नाही.

दुपारी मथुराबाई पिशवी घेऊन निघाली तेव्हा माझ्यानं राहवलं नाही. पाच मिनिटांनी मागं गेलो. सरदारबीच्या ओसरीवर ऊन आलेलं, दोघी समोरासमोर सूप घेऊन बसलेल्या. हात तांदळात आणि तोंड गप्पांत. बाजूला वाटीत खडे. मला दारात बघून सरदारबी म्हणाल्या, “भाईजान, कुछ पाहिजे का?” मी काय सांगणार? साखर मागितली. घरात दोन डबे साखर आहे.

मथुराबाईनं घरी आल्यावर भरलेली पिशवी माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाली, घ्या, मोजून घ्या. लाजल्यासारखं झालं. उजेडात निवडायला नेते, निवडून आणते. एवढं साधं होतं. संध्याकाळचा भात दाढेखाली मऊ लागला, एक खडा नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज काय झालं ते क्रमानं लिहितो, नाहीतर माझंच मला खरं वाटणार नाही.

अहवाल पाठवण्याआधी शाळेच्या शेरेबुकात शेरा लिहावा लागतो. साहेब कधी आले, काय पाहिलं, काय बजावलं, हे सगळं त्या जाड वहीत असतं. मी ती मागितली. मॅडमनी कपाटातून काढून दिली आणि समोर उभ्या राहिल्या. मी पेन उघडलं. शेवटची भेट कधीची ते बघायला एक पान मागं उलटलं.

अक्षर माझं. तारीख बारा ऑगस्ट. ‘आज शाळा सुटल्यानंतर स्वयंपाकी महिला शालेय पोषण आहारातील तांदूळ पिशवीतून घरी नेत असताना समक्ष आढळून आली. सबब सदर महिलेस तात्काळ कामावरून कमी करावे व तसा अहवाल सादर करावा.’ खाली माझी सही, खाली शिक्का.

नाव नाही लिहिलेलं. मी नाव विचारलंच नव्हतं.

मला तो दिवस आठवला, पण सगळा नाही. पाऊस भुरभुरत होता. एक म्हातारी बाई दाराबाहेर पडली, मी पिशवी उघडायला लावली. ती काहीतरी बोलली होती. काय बोलली ते मी शेऱ्यात लिहिलं नव्हतं, त्यामुळं माझ्याही ध्यानात राहिलं नव्हतं. नऊ शाळांत मी असे कितीतरी शेरे लिहितो.

मॅडमना विचारलं, हीच का गजराबाई? त्या हो म्हणाल्या. मग तांदूळ घरी का नेत होती? त्यांनी पत्र्याच्या खोलीचं दार उघडून दाखवलं. आत खिडकी नाही. चुलीचा धूर आणि अंधार. गजराबाईची नजर अधू. म्हणून दुसऱ्या दिवशीचा तांदूळ ती आदल्या संध्याकाळी घरी न्यायची, सकाळी अंगणातल्या उन्हात निवडायची आणि साडेदहाला घेऊन यायची. नऊ वर्षं. त्याचा पगार नाही, तसं कुणी सांगितलंही नव्हतं.

मी म्हटलं, हे तुम्ही मला तेव्हाच का सांगितलं नाही?

“सांगितलं होतं, सर. तुम्ही म्हणालात, चोराची वकिली करू नका, नाहीतर तेही शेऱ्यात लिहीन.”

असं म्हटलं असेन मी. माझंच वाक्य वाटतं ते.

युसरा दारात उभी होती. तिला विचारलं, पेपरात हे वाक्य तुम्हाला कुणी सांगितलं? खरं सांग. ती म्हणाली, “कुणीच न्हाय सर. आमी भितीवर बसलाव की मॅडम रोज इचारत्यात, वाय आर यू सिटिंग ऑन द वॉल? मग आमी सांगताव.”

“काय सांगता?”

“वी वेट फॉर गजराबाई. जाताना ती म्हणली होती, चार दिसांनी येते.”

ऑगस्टपासून नोव्हेंबर. पोरं रोज भिंतीवर चढून रस्त्याकडं बघतायत आणि रोज ते एकच वाक्य इंग्रजीत बोलतायत. मी पेपरात त्यांच्या रोजच्या जगण्यातला शब्द घातला आणि त्यांनी त्याचं खरं उत्तर लिहिलं. माझ्या सबंध केंद्रात खरं उत्तर तेवढ्या अकरा जणांनीच लिहिलं असेल. बाकीच्यांना मी बसचे गुण दिले.

शेरा न लिहिताच वही मिटली. येताना दोनदा मोटारसायकल थांबवली. कशासाठी ते माहीत नाही. लाज वाटली, दुसरं काय.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आज अहवालाचा शेवटचा दिवस. साहेबांचा फोन दोनदा आला, मी उचलला नाही. अजून एक वाट आहे, ती इथं लिहून ठेवतो. कॉपीचा अहवाल द्यायचा नाही आणि तांदळाचा विषय काढायचाच नाही. शाळा वाचेल, मॅडम वाचतील, मीही वाचेन. ऑगस्टचं पान कोण उलटून बघतंय?

मथुराबाईला विचारलं. ती म्हणाली, “तुमची दाढ बरी झाली का?” नाही म्हटलं. “मग त्या पोरांच्या बी दाढा हायत.”

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

जळकोटला जाऊन आलो. गजराबाई ऑगस्टपासून तिथं लेकीकडं राहते, असं मॅडमकडून कळलं होतं. रजा टाकून गेलो, म्हणजे सरकारी दैनंदिनीत प्रयोजन लिहायला नको.

घर हायवेपासून आत आहे. ती अंगणात सूप घेऊन बसली होती. लेकीचा नवरा खानावळीला तांदूळ निवडून देतो म्हणे, ते काम तिच्याकडं. माझ्या अंदाजापेक्षा लहानखुरी निघाली. मला ओळखलं नाही, नजर अधू. नाव सांगितल्यावर लेकीनं ओळखलं आणि ती आत निघून गेली. पाणी कुणी दिलं नाही. बरोबर केलं.

मी उभ्या उभ्याच सांगितलं की माझी चूक झाली, तुम्ही सोमवारपासून कामावर या, मी माणिकप्पांना सांगतो. ती खडे वेचत राहिली. मग म्हणाली, “तुमी तोंडानं घालवलं नव्हतं, साहेब. लिवून घालवलं. लिवूनच बोलवा.”

मी म्हटलं, पत्र देतो.

“पत्तर नगं. त्याच वहीत लिवा. आन पोरांम्होरं वाचा. चोर म्हणल्यालं पोरांच्या कानावर गेलंय, दुसरं बी जाऊ द्या.”

शेरेबुकात आपलाच शेरा खोडणं. एकतीस वर्षांत मी एक शब्द खोडलेला नाही. उद्या कुणीही तपासायला आलं तर पान उलटून हसेल. मी बघतो म्हणालो. ती म्हणाली, बघा.

परत येताना वडापच्या जीपमध्ये तिच्यावर रागच आला, हे कबूल करतो. एवढा मोठा माणूस दारात आला, तर म्हातारी अटी घालते. लोहारा येईपर्यंत राग गेला. मग उरलं ते जास्त जड होतं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सकाळची शाळा. मॅडमना सांगून पालकांनाही बोलावलं. पंधरा-वीस माणसं आली. माणिकप्पा पुढं बसले.

बारा ऑगस्टच्या शेऱ्याखाली लिहिलं. ‘वरील शेरा चुकीचा आहे. श्रीमती गजराबाई या तांदूळ निवडण्यासाठी नेत व निवडून परत आणत. त्यांनी चोरी केलेली नाही. मी विचारपूस न करता लिहिले. त्यांना सन्मानाने परत बोलवावे. दिनांक १५ रोजी तपासलेल्या चाचणीतील माळवस्ती शाळेच्या अकराही उत्तरपत्रिका योग्य आहेत.’ सही, शिक्का.

मग दोन्ही शेरे मोठ्यानं वाचले. आधी पहिला. ‘समक्ष आढळून आली’ इथं अडखळलो, तेवढं पुन्हा वाचलं. दुसरा सलग वाचला आणि वही मिटली. मला वाटलं होतं टाळ्या वाजतील. खरंच वाटलं होतं, लपवत नाही. माणिकप्पा फक्त म्हणाले, “बरं झालं,” आणि बैलांना वैरण टाकायची म्हणून उठून गेले.

मॅडमनी शेऱ्याचा फोटो काढून गजराबाईच्या लेकीच्या मोबाइलवर पाठवला. वाचूनही दाखवला, फोनवर. पलीकडून उत्तर आलं, बघू.

साहेबांना फोन केला. कॉपी नव्हती, माझी चूक झाली, असं सांगितलं. साहेब म्हणाले, सुरवसे, वय झालं तुमचं. मी होय म्हणालो. शाळा मिसळायच्या यादीचं विचारलं तर म्हणाले, कारण नसेल तर यंदा तरी हात लावत नाही.

१ डिसेंबर, सोमवार

माळवस्तीला गेलो. गजराबाई आली नव्हती.

२ डिसेंबर, मंगळवार

गेलो. आली नाही. निखत मॅडम म्हणाल्या, सर, तुम्ही रोज यायची गरज नाही. मी म्हटलं, तपासणी आहे. त्यांना ते पटलं नाही, पण त्यांनी चहा दिला. मी घेतला.

३ डिसेंबर, बुधवार

साडेदहाच्या आधीच पोचलो. पोरं भिंतीवर होती. या वेळी मला बघून कुणी उतरलं नाही. गुडघे दुखतात, तरी एका दगडावर पाय देऊन मीही भिंतीवर बसलो. पोरांनी सरकून जागा दिली.

थोड्या वेळानं शेजारून युसरानं मान वळवून विचारलं, “वाय आर यू सिटिंग ऑन द वॉल, सर?”

पोरं हसू दाबत माझ्या तोंडाकडं बघायला लागली. मी आयुष्यात हजारो पोरांना म्हटलं असेल, शब्द वाक्यात वापर. मला कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं, “आय वेट फॉर गजराबाई.” बरोबर, असं युसरा म्हणाली.

पाऊण तास गेला. मग वळणावर काहीतरी हललं. मला काही दिसलं नाही, पण पोरं धडाधड उड्या टाकून पळत सुटली. मी एकटाच भिंतीवर राहिलो. खाली कसं उतरायचं ते कळेना.

ती पोरांच्या घोळक्यातून आली. माझ्याशी बोलली नाही. सरळ पत्र्याच्या खोलीत गेली, पोतं बघितलं, तांदूळ मुठीत घेऊन दारातल्या उजेडात धरला आणि म्हणाली, ह्याच्यात तर निम्मे खडेच हायत. आजची खिचडी उशिरा झाली. तिनं उन्हात बसून निवडली, पोरांनीही हात लावला. मला एकही खडा लागला नाही.

जेवण झाल्यावर मी निघायला हवं होतं. थांबलो. साडेचारला शाळा सुटली. गजराबाई उद्याचा तांदूळ कापडी पिशवीत भरून बाहेर आली. फाटकापाशी मी उभा होतो. ती माझ्यासमोर थांबली आणि पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी उघडून धरलं.

मी म्हटलं, गजराबाई, नको. त्याची काही गरज नाही.

“असू द्या,” ती म्हणाली. “रोज दावीन. दावल्याबिगर न्हेणार न्हाय.”

पोरं बघत होती. मॅडम कुलूप लावता लावता थांबल्या होत्या. मी रस्त्याकडं बघितलं, मोटारसायकलीकडं बघितलं. पिशवीत बघितलं नाही. ती मात्र मी बघेपर्यंत तशीच पिशवी उघडी धरून उभी राहिली.